धुळीची ॲलर्जी आणि घरातली साफसफाई: तुमचे अनुभव लिहा

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. दोन वर्षं रोज उठल्या उठल्या दहा-बारा शिंका, नाक चोंदलेलं, डोळे चोळून लाल. दही बंद केलं, केळी बंद केली, फ्रिजचं पाणी बंद केलं. शेवटी हातावर टोचून करतात ती ॲलर्जीची तपासणी केली आणि कळलं की घरातल्या धुळीतले माइट्स. जेमतेम पाव मिलिमीटरचा जीव, आपल्या अंगाच्या कोंड्यावर जगतो, गादी-उशीत राहतो. आपल्याला बाधते ती मुख्यतः त्याची विष्ठा.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. लेक पलंगाच्या कडेवर बसून दूध प्यायचा आणि मी शेजारीच त्याची चादर जोरजोरात झटकायचे, मग कोरड्या केरसुणीनं केर काढायचे. खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात ती धूळ तरंगताना रोज दिसायची. घर स्वच्छ ठेवतेय याच समाधानात होते मी.

आता चादर झटकत नाही, गुंडाळून थेट मशीनमध्ये टाकते. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात, गादी-उशांना चेनची घट्ट विणीची खोळ, फर्निचर ओलसर फडक्यानं, आणि केर तो शाळेत गेल्यावर. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालूच आहे. दीड महिन्यानं शिंका दोन-तीनवर आल्या.

तुम्ही काय बदललंत? कशानं फरक पडला, कशानं नाही, दोन्ही लिहा.

रत्नागिरीहून

आमच्याकडे धुळीपेक्षा ओल. जून ते सप्टेंबर कपाट उघडलं की कुबट वास आणि मला खोकल्याची उबळ. कपाट भिंतीला चिकटून होतं. ते चार बोटं पुढे ओढलं तर मागे भिंतीवर काळी बुरशी, हाताच्या पंज्याएवढी! ती कोरडी खरवडू नका, सगळीकडे उडते. मी मास्क लावून साबणाच्या पाण्यानं पुसली, पंखा लावून भिंत वाळवली. पण पुढच्या पावसात परत आली. गच्चीतली गळती बुजवली तेव्हा कुठे थांबली. घरात कपडे वाळत घालणंही सोडलं; आता पडवीत दोरी बांधलीय.

एक कळकळीनं सांगते. बुरशी जावी म्हणून ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. माझ्या जावेनं बंद बाथरूममध्ये केलं होतं, छातीत जळजळ होऊन दवाखान्यात न्यावं लागलं.

नागपूरहून

कूलरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मार्चमध्ये माळ्यावरून काढायचा, पाणी भरायचं आणि सुरू, असंच चालायचं आमचं. पहिल्या रात्रीच बाबांचा दमा उसळायचा. मागच्या वर्षाचं तेच गवत, त्यात धूळ आणि बुरशी, आणि तीच हवा रात्रभर तोंडावर. आता दर उन्हाळ्यात गवत नवीन, टाकी घासून, आणि पाणी आठवड्यातून दोनदा पूर्ण उपसून. खिडकी उघडी ठेवायचीच, नाहीतर खोलीत ओल भरते.

पुणे

आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गाजर गवत माजतं. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच पुण्यात, १९५०च्या दशकात, आणि अजून आपण त्याच्यासोबत राहतोय. पांढरी बारीक फुलं आली की बायकोचे डोळे सुजायचे. घर कितीही पुसलं तरी फरक नाही. मग लक्षात आलं की उशीचे अभ्रे आम्ही त्याच बाजूच्या गॅलरीत वाळत घालतो. परागकण अभ्र्यांवर बसायचे आणि रात्रभर नाकाशी! दोरी दुसऱ्या बाजूला नेली. फुलोऱ्याआधी सोसायटीनं गवत उपटून घेतलं, हातमोजे घालून, कारण ते अंगाला लागलं तरी खाज सुटते.

ठाणे

झुरळांची ॲलर्जी असते हे मला चाळिशीत कळलं. स्प्रे मारला की त्या वासानंच धाप लागायची. आता ओट्याखाली, फ्रिजमागे जेलचे ठिपके लावतो, रात्री खरकटी भांडी ठेवत नाही, कचऱ्याला झाकण. झुरळं मेल्यावरही त्यांची घाण तिथेच असते, म्हणून फ्रिज सरकवून साबणाच्या पाण्यानं पुसतो.

दादर

एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतरं. वाळलेली विष्ठा ब्रशनं खरडायचे. डॉक्टर ओरडले, कारण त्यानं फुप्फुसाला कायमची इजा होऊ शकते. आता आधी पाणी शिंपडून पूर्ण भिजवते, एन-९५ मास्क, हातमोजे, मगच काढते. जाळी बसवली.

कराडहून

ही चर्चा सुरू करणाऱ्या ताईंना: आमच्याकडे कापसाच्या गाद्या आहेत, सासूबाईंच्या लग्नातल्या. टाकायचं म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. मागच्या दिवाळीआधी पिंजाऱ्याला अंगणात बोलावलं आणि त्याच रात्री धाकटीला नेब्युलायझर द्यावा लागला. दार उघडंच होतं, सगळा भुसा आत.

यंदा मुलींना दोन दिवस आजोळी पाठवलं. गाद्या कडक उन्हात दिवसभर उलटून-पालटून टाकल्या. उन्हानं ओल जाते, बरेचसे किडे मरतात, पण त्यांची घाण कापसात राहतेच. म्हणून ह्यांनी तोंडाला मास्क लावून परसात, वाऱ्याची दिशा बघून बडवल्या. मग चेनच्या खोळी. माळा आणि जळमटंही त्याच दोन दिवसांत उरकली. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून दोन्ही हातांनी दाबत मागे ओढायचा, धूळ आतच राहते, खाली पडत नाही. अभ्रा उलटा केला तर आत राखाडी लोकरीसारखा थर होता.

सासूबाईंनी तो बघितला आणि स्वतःहून म्हणाल्या, "माझ्या गोधडीलाबी असली खोळ शिव."