दाखले, सातबारा, ऑनलाईन अर्ज: कोल्हापूरकरांनो, अनुभव सांगा

दहावी-बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रीमी लेअरची धांदल सुरू. ‘आपले सरकार’ या सरकारी साईटवर घरबसल्या अर्ज करता येतो, तरी निम्मं गाव फाईल बगलेत मारून सेवा केंद्रच गाठतं. ज्यांनी स्वतः अर्ज केलाय त्यांनी लिहा. ‘सिस्टीमच बेकार’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते आम्हालाबी येतंय.

बावडेकर: पोरीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला काढला. सगळी कागदं पटापट चढली, अडलं फोटोपाशी. फोटो 5 ते 20 केबीत पाहिजे आणि मोबाईलवरचा निघाला 3 एमबीचा! भाच्यानं कापून-दाबून बसवला. पोरगी म्हणाली, ही मी न्हवंच. पण घेतला. दाखला लॉगिनमध्येच आला, कॉलेजनं प्रिंट निमूट ठेवून घेतली.

राधानगरीचा ऊसवाला: वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज ‘ई-हक्क’ या सरकारी साईटवरनं केला. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, स्वयंघोषणापत्र. चुलते म्हणाले, पोरींची नावं कशाला घालतोस? म्हटलं, दोघी बहिणी वारसच हाईत, वगळायचा प्रश्नच न्हाई. पुढं तलाठ्याकडं फेरफार, नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. म्हणजे अर्ज ऑनलाईन, पण काम माणसंच करतात. चावडीत एक चक्कर मारून आलेलं बरं.

कागलकर: डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत. सोसायटीत पीककर्जाला चालला. भूलेख साईटवर फुकट दिसतो तो नुसता बघायला, तो नेऊन वाद घालू नका.

मंगळवार पेठ: माझा अर्ज एका कार्यालयात मुदत संपली तरी तसाच पडून. केंद्रावर विचारलं तर ‘साहेब रजेवर’. ठरल्या मुदतीत काम मिळायचा लोकसेवा हक्काचा कायदा 2015 पासून आहे, पण तो काय फक्त भिंतीवरच्या बोर्डापुरता? मुदत टळली की 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, तेही ‘आपले सरकार’वरच. मग दुसरं अपील, मग लोकसेवा हक्क आयोग. चूक ठरली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. मी पहिलंच टाकलं आणि फोन आला, “काका, कशाला ते अपील-बिपील, दाखला तयार हाय की.” पावती आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा, त्यावरच सगळं चालतं.

शाहूपुरीची सूनबाई: थोडं विषयाबाहेर, पण नोव्हेंबर जवळ आला की उपयोगी पडेल. सासूबाईंची पेन्शन आहे, बोटांचे ठसे उठतच नाहीत. दरवर्षी तेच हाल. आता पेन्शनवाल्यांच्या ‘जीवन प्रमाण’ या सरकारी सोयीवर चेहऱ्यानं हयातीचा दाखला देता येतो, मोबाईलवर, घरीच. चेहऱ्यावर उजेड पाहिजे, पाठीमागं खिडकी नको. डोळे मिचकवा म्हणतं, तर आई एकच डोळा मिचकवायच्या. सगळं घर हसून लोळलं, पण झालं एकदाचं.