मदत हवी आहे : आजोबांच्या छोट्या रिव्हॉल्व्हरवरच्या खुणा

नमस्कार मंडळी. आजोबांचं एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे. आता परवाना काकांच्या नावावर झालाय आणि ते परवानाधारक दुकानात जमा आहे. परवा काकांसोबत जाऊन मी ते नीट पाहिलं.

तळहातात मावेल एवढंच आहे. ट्रिगरला कडं नाही, ट्रिगर चाकूच्या पात्यासारखा पुढे दुमडतो. पण सिलिंडर मात्र एवढ्याशा हत्याराच्या मानाने चांगलाच लांब. पाच घरं, नळीचं भोक पेन्सिलीहूनही बारीक.

कारखान्याचं नाव कुठेच नाही. सिलिंडरवर लंबगोलात 'ईएलजी' अशी रोमन अक्षरं, त्यावर मुकुट. म्हणजे बेल्जियममधल्या लिएजची चाचणीची खूण, एवढं समजलं. मुकुट १८९३ पासूनचा, म्हणजे त्यानंतरचंच असणार. नळीवर मुकुटाखाली 'आर' आहे, ती आतल्या आट्यांची खूण. चौकटीवर चांदणीखाली एक अक्षर आहे, पण गंजाने खाल्लंय. भिंगातून कधी 'जी' वाटतं, कधी 'सी'. मुठीखाली ४७ आकडा ठोकलाय.

मला हे 'वेलो-डॉग' वाटतंय. सायकलस्वारांनी कुत्र्यांपासून बचावासाठी बाळगायचं, ५.५ मिमीचं. लांब सिलिंडरही त्याच्या लांब काडतुसाशी जुळतो. बरोबर आहे का? ४७ हा जुळणीचा आकडा की अनुक्रमांक? चांदणीखालच्या अक्षरावरून साल काढता येतं का?

दुकानदार म्हणतो, घासून चकचकीत करून देतो. मी साफ नको म्हटलंय, उरलेल्या खुणाही जातील. नुसता गंज थांबवायला काय करावं? आजोबांनी जपलेली वस्तू आहे, जाणकारांनी कृपया सांगा.