शब्दचर्चा : रायफलचे ‘बेडिंग’ म्हणजे चिकटवणे की बैठक?

प्रश्न (सांगली) : रायफलची नळी आणि तिचा पोलादी सांगाडा लाकडी दस्त्यात नेमका बसावा, म्हणून मध्ये एपॉक्सीचा थर देतात. या कामाला नेमबाज मंडळी ‘बेडिंग’ म्हणतात. एका मराठी टिपणात मी ‘दस्ता चिकटवणे’ असे लिहिले आहे. ते योग्य आहे का?

उत्तर (मिरज) : ‘चिकटवणे’ कृपया लिहू नये, कारण या कामात जे होऊ द्यायचे नसते नेमके तेच तो शब्द सांगतो. एपॉक्सीने लाकडाला घट्ट धरायचे असते, पोलादाला मात्र अजिबात धरायचे नसते. पोलादाचा हुबेहूब ठसा तेवढा घ्यायचा आणि तो भाग पुन्हा मोकळा निघाला पाहिजे. दंतवैद्य कवळीसाठी हिरड्यांचा साचा घेतो, त्या कामाशी याचे नाते अधिक जवळचे आहे. नुसते ‘बेडिंग’ लिहिले, तर आपल्याकडच्या वाचकाला प्रवासातली वळकटी आठवते.

माझ्या मते ‘बैठक’ हा शब्द घ्यावा. शहाबादी फरशीवर ठेवलेले चार पायांचे स्टूल तीन पायांवर टेकते आणि चौथा पाय अधांतरी राहून ते डुगडुगते. हाताने दाबले की ते स्थिर भासते, पण ती त्याची बैठक नव्हे. दस्त्यातली खाच ओबडधोबड असली की स्क्रू आवळताना पोलाद असेच दाबाखाली वाकते, प्रत्येक गोळी झाडल्यानंतर किंचित वेगळ्या जागी टेकते आणि गोळ्या पसरतात. पन्नास मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणून तेवढे हलणेही महागात पडते. स्क्रू सैल करताना नळी दस्त्यापासून वर उचलली गेली, तर बैठक ताणाची आहे असे समजावे; ती जागची हलली नाही, तर चपखल आहे.

हा भेद मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझ्या परवान्यावरच्या जुन्या पॉइंट टू टू रायफलचे हे काम मी घरीच केले. पोलादाला मेण नीट लावले, नळीभोवती टेप गुंडाळली. परंतु ट्रिगरच्या खिळीचे आडवे भोक मुलांच्या खेळण्यातल्या मातीने बुजवायचे राहिले. एपॉक्सी त्या भोकात शिरून आतच कडक झाली, आणि चोवीस तासांनी स्क्रू काढले तरी सांगाडा दस्त्यातून तसूभरही हलेना. मेण सगळीकडे होते, पण आडव्या भोकात घट्ट झालेल्या खुंटीपुढे मेणाचे काय चालणार? शेवटी रायफल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली. थंडीने पोलाद आणि एपॉक्सी कमी-अधिक आकसतात, त्यामुळे सकाळी रबरी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी ती सुटली, पण थराचा मोठा टवका उडाला. रायफल घरी कुलपात ठेवून नुसता दस्ता मी आमच्या गल्लीतल्या तंबोरे करणाऱ्या वयस्कर कारागिरांना दाखवला. तुटलेल्या कडेवरून नख फिरवून ते म्हणाले, “अहो, ही बसवलेली नाही, डकवलेली आहे.” घोडीवर तारेखालची जवारी काढण्यात, म्हणजे तार नेमकी टेकावी म्हणून घोडी घासण्यात, ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना टेकणे आणि धरून ठेवणे यांतला फरक बोटांना कळतो.

नळी जिथे दस्त्याला लागू नये तिथे ‘मोकळी’ हाच शब्द पुरेसा आहे. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी न अडकता सरकली पाहिजे. पावसाळ्यात आपली दारे फुगतात तसा लाकडी दस्ताही फुगतो, म्हणून ही फट थोडी सढळ ठेवावी.

पुरवणी (सातारा) : ‘बैठक’ म्हटले की आमच्याकडे सभा किंवा दिवाणखाना डोळ्यांपुढे येतो. त्याऐवजी ‘अस्तर’ का नको? कोटाला आतून अस्तर लावतात, तसाच हा थर नाही का?

उत्तर (मिरज) : ‘अस्तर’ अवश्य वापरावे, पण थरासाठी. आपण काय घातले ते अस्तर सांगते, आणि त्यातून काय साधले ते बैठक सांगते. दोन्ही शब्द हाताशी असले की माझ्या त्या दिवसाचे वर्णनही नेमके करता येते : दस्त्याला अस्तर दिले, पण बैठक जमली नाही.