तंबू कुठे ठोकायचा, पबजवळ की पबपासून लांब?

लीड्सकर
शाळांची हाफ टर्मची (सत्रामधली) सुट्टी जवळ आली की इंग्लंडातल्या मराठी ग्रुपांवर एकच प्रश्न फिरतो: मुलांना घेऊन कँपिंगला कुठे जावं? माझं मत सांगतो, शिव्या खायची तयारी आहे. इंग्लंडात कँपसाइट निवडताना आधी गावातला पब बघावा, मग शॉवर, मग बाकीचं. तंबूपासून पबात चालत जाता येत नसेल तर ती जागा बाद.

कारण पाऊस, दुसरं काय. पीक डिस्ट्रिक्टमधलं ईडेल गाव घ्या. शेफील्ड-मँचेस्टर रेल्वेवर स्टेशन आहे, कँपसाइट गावातच, आणि १९६५ साली खुली झालेली पेनाइन वे ही लांबलचक पायवाट सुरू होते तीच मुळी ओल्ड नॅग्ज हेड या पबापासून. दिवसभर किंडर स्काउटच्या डोंगरावर चिंब भिजलेली पोरं संध्याकाळी ओल्या तंबूत कोंबून बघा, म्हणजे समजेल मी काय म्हणतोय ते. लेक डिस्ट्रिक्टात ग्रेट लँगडेलला नॅशनल ट्रस्टची कँपसाइट आहे. तिथून ओल्ड डंजन गिल हॉटेलचा हायकर्स बार हाकेच्या अंतरावर. पूर्वीचा गुरांचा गोठाच तो, त्यामुळे चिखलाचे बूट घालून आत गेलं तरी कोणी हटकत नाही.

मुग्धा_ब
साफ असहमत. सुट्टी मुलांची आणि जागा ठरणार बिअरच्या नळावरून? मी सोवळी नाही, वाइन मीही घेते. पण पबात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. 'एकच पाइंट' म्हणून बसायचं, मग समोरच्याने सगळ्यांसाठी ग्लासांचा राउंड आणला की आपणही आणायचा. मुलं ज्यूस संपवून मोबाइलमध्ये घुसतात. घरी हेच होतं, मग शंभर मैल गाडी कशाला हाकायची?

आणि मोठ्या मुलांचं काय? इंग्लंड-वेल्समध्ये सोळा-सतराच्या मुलांना मोठ्यांसोबत टेबलावर जेवताना बिअर, वाइन किंवा सायडर (सफरचंदाची दारू) चालते, फक्त ती विकत मोठ्यांनी घ्यायची. माझी मुलगी पंधराची आहे. कायदा तिला तोंडपाठ आहे. मला तो वाद तंबूत नको.

लीड्सकर
मुग्धाताई, तुमच्या डोळ्यासमोर पवनाकाठचे डीजेवाले कँप आहेत असं वाटतं. इथे बहुतेक साइटवर रात्री दहा-अकरानंतर आवाज केला तर मालक स्वतः येऊन दम देतो.

मुग्धा_ब
पवना मी पाहिलेलंच नाही, मी नागपूरची. डोळ्यासमोर आहेत ते गेल्या उन्हाळ्यातले शेजारच्या तंबूतले तीन बाबालोक, पब बंद झाल्यावर आमच्या तंबूच्या दोऱ्यांत अडखळून पडलेले. मालक झोपला होता.

जुना_भटक्या
दोघांचंही थोडं थोडं पटतं. दारू बाजूला ठेवा, मी लाइम-सोडावाला आहे. तरी पब लागतोच, कारण बऱ्याच खेड्यांत दुकान गेलं, पोस्ट गेलं, दिवसाला दोनच बस. पावसात छपराखाली बसायला तीच एक जागा उरते. यॉर्कशायर डेल्सचं टॅन हिल इन ५२८ मीटरवर आहे, ब्रिटनमधला सगळ्यात उंचावरचा पब. नोव्हेंबर २०२१ च्या वादळात बर्फाने रस्ते बंद झाले आणि पाहुणे तीन रात्री तिथेच अडकले, सोबत ओएसिस या रॉक बँडची गाणी म्हणणारा एक बँड. (बँडची दया येते. तीन रात्री तीच गाणी.)

पण लीड्सकर, 'चालत जाता येतं' हे नकाशावर ठीक. खेड्यातल्या रस्त्यांना फूटपाथ नसतो, दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी, दिवे नाहीत आणि गाड्या ताशी साठ मैलांच्या वेगाने. लहान मुलं असतील तर शेतातून पायवाट आहे का ते आधी बघा, डोक्याला टॉर्च बांधा. गाडी काढायचा मोह नकोच. स्कॉटलंडमध्ये तर २०१४ पासून गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅमवरून ५० वर आली आहे, एका पाइंटचाही भरवसा नाही. शिवाय किचन बऱ्याचदा दुपारी बंद असतं आणि रात्री नऊला ऑर्डर थांबते. आठला फोन न करता पोचलात तर मुलांना वेफर्सवर झोपवाल.

मुग्धा_ब
हेच तर! इतका व्याप करायचा, वर चौघांच्या जेवणात दोन रात्रींचं कँपसाइटचं भाडं जातं. त्यापेक्षा गॅसवर पिठलं होतं. पाऊस असला तरी तंबूच्या पडवीत होतं.

लीड्सकर
पिठल्याला नाही कोण म्हणतंय? पण तीन दिवस रोज भांडी कोण घासतं, गार पाण्याने? आमच्याकडे मी घासतो, म्हणून मत इतकं ठाम आहे.

एक तोडगा सुचवतो. डॉर्सेटमध्ये वर्थ मॅट्रव्हर्सला स्क्वेअर अँड कंपास नावाचा पब आहे. खाण्याला पेस्टी (सारण भरलेली भाजलेली करंजीच), प्यायला सायडर, दोन्ही एका खिडकीतून मिळतं. आतच जीवाश्मांचं छोटं संग्रहालय आहे, बाहेर दगडी बाकांवरून समुद्र दिसतो. मुलं तिथे मोबाइल विसरतात.

मुग्धा_ब
जीवाश्म बघायला येऊ, पण दुपारी. सहाच्या आत तंबूत परत, आणि राउंड-बिउंड नाही.

जुना_भटक्या
सुट्टीत दुपारी तिथे बाक मिळणं कठीण. अकराला जा.