कोकणात मोठा भूकंप झाला तर: धरणाआधी आपल्या इमारतीचं पार्किंग बघा

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

कोयनेला धक्का बसला की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "धरणाला काही झालं का?" धरण सुरक्षित असल्याचं प्रशासन सांगतं, तो मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतो आणि विषय मिटतो. मी स्थापत्य अभियंता आहे. चिपळूण, खेड, महाड या पट्ट्यातल्या साइटवर बरीच वर्षं काम करतो आहे. धरणावर लक्ष ठेवायला माणसं आहेत, यंत्रं आहेत, पैसा आहे. आपण रात्री ज्या इमारतीत झोपतो, तिच्याकडे बघणारं कोणी नाही, हे मला छळतं म्हणून हा धागा.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. १८० च्या आसपास माणसं गेली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जवळपास तेवढ्याच ताकदीचा धक्का बसला, तिथे मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. दोन्ही वेळा लोक झोपेत होते. मग एवढा फरक का? किती माणसं, कसल्या भिंतींच्या आत, कसल्या छताखाली झोपली होती, यावर ते ठरलं.

१९६७ साली चिपळूणात पार्किंगवर उभ्या असलेल्या पाच मजली इमारती नव्हत्या. आज वाशिष्ठी नदीच्या गाळाच्या जमिनीवर त्या ओळीने उभ्या आहेत. खाली गाड्या लावायला नुसते कॉलम, वर विटांच्या भिंतींनी जड झालेले मजले. जमीन हलली की वरचा भाग एकसंध हलतो आणि सगळा ताण तळातल्या कॉलमवर येतो. २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादमध्ये नेमकं हेच घडलं. भूजच्या भूकंपाचं केंद्र तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब होतं, तरी शहरात सातशेहून जास्त लोक मेले आणि पडलेल्या इमारतींत अशा पार्किंगवाल्या इमारती मोठ्या संख्येने होत्या. कोयनेहून घाट उतरला की चिपळूण येतं. दोनशे किलोमीटरचं अंतर आपल्याकडे नाही.

साइटवर काय चालतं तेही सांगतो. कॉलमच्या उभ्या सळयांना ज्या रिंगा बांधतात, त्यांची टोकं १३५ अंशांत आत वळवायची असा भारतीय मानकाचा नियम आहे. जोडाजवळ रिंगा दाट हव्यात. बारबेंडर (सळया वाकवणारा कामगार) टोकं ९० अंशांतच सोडतो, कारण ते लवकर होतं. एरवी काही बिघडत नाही. पण धक्क्यात कॉलमचं बाहेरचं काँक्रीट सुटलं की ती रिंग उघडते आणि सळया बाहेर फुगतात. त्यात खाडीची वाळू नीट न धुता वापरलेली असली तर मिठाने सळई आधीच खाल्लेली असते. २०२० च्या ऑगस्टमध्ये महाडला पाच मजली इमारत कोसळून १६ जण मेले, तेव्हा तर जमीन हललीही नव्हती.

माझी मागणी: पार्किंगवर उभ्या असलेल्या प्रत्येक इमारतीची तपासणी नगरपरिषदेने सक्तीची करावी. सुरुवात रुग्णालयं आणि शाळांपासून व्हावी.

घाटातला पाऊस

साफ असहमत. तुमची तळमळ खरी आहे, पण कोकणी माणसाला मारतो तो पाऊस, आणि तो दर वर्षी येतो. २००५ ला दासगाव, जुईवर दरडी कोसळल्या. २०१९ ला तिवरे धरण फुटलं. २२ जुलै २०२१ ला तळिये दरडीखाली गेलं, त्याच दिवशी चिपळूण पाण्यात होतं. २०२३ ला इर्शाळवाडी. १९६७ नंतर कोयनेत हजारो धक्के बसले, पण तेवढा मोठा एकही नाही. सरकारकडे पैसे मोजकेच असतात. दरडीखालच्या वाड्या अजून पुनर्वसनाची वाट बघतायत. त्यांचे पैसे शहरातल्या फ्लॅटवाल्यांच्या कॉलमकडे वळवायला माझा विरोध आहे, आणि तो राहील. ज्याने तीस-चाळीस लाख देऊन फ्लॅट घेतला, त्याने तपासणीचा खर्च स्वतः करावा.

वाशिष्ठीकाठ

सोसायटीने स्वतः खर्च करावा हे मला पूर्ण मान्य आहे. मी सक्ती मागतो आहे, अनुदान नव्हे.

पण पाऊस आणि भूकंप तुम्ही वेगळे काढताय, तिथे थांबा. धक्का जुलैत आला तर? डोंगर तेव्हा पाण्याने भिजून जड झालेले असतात. नुसत्या पावसाने परशुराम घाट बंद पडतो, वरंध बंद पडतो. सहाच्या वरचा धक्का त्याच उतारांना बसला तर कुंभार्ली, आंबा, वरंध एकाच वेळी बंद होऊ शकतात. मग कऱ्हाडहून मदत येणार नाही, पुण्याहून येणार नाही. उरतो मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे, आणि रेल्वेच्या वाटेवर ९० हून अधिक बोगदे आहेत. तुमच्या दरडीखालच्या वाड्या आणि माझ्या इमारती एकाच रात्री पडतील, हे मी सांगतो आहे.

चिऱ्याचं घर

गावाकडच्या लोकांना उगाच घाबरवू नका. किल्लारीला घात केला तो दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या मातीच्या भल्यामोठ्या थराने. आमच्याकडे जांभ्याच्या चिऱ्याची भिंत, वर लाकडी वासे आणि कौलं. पडलीच तर कौलं पडतील. आमच्या आजोबांचं घर १९६७ चा धक्का सोसून उभं आहे. भिंतीला एक चीर गेली होती, ती लिंपली. जुन्या माणसांना कळत होतं.

सळई आणि सिमेंट

चिऱ्याचं घरवाले, छप्पर हलकं असणं ही मोठी जमेची बाजू आहे, त्यात वाद नाही. पण छपराखालची तिकोनी भिंत कशालाही बांधलेली नसते, ती धक्क्यात सर्वांत आधी बाहेर फेकली जाते. कोपऱ्यात चिरे एकमेकांत गुंफलेले नसतील तर दोन भिंती वेगळ्या होतात. उपाय फार महाग नाही. जोत्याच्या वर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचा सळईवाला पट्टा घरभर सलग फिरवायचा. तो सगळ्या भिंतींना एकत्र धरून ठेवतो.

आता घरोघरी जे चाललंय त्याची मला खरी भीती वाटते. मुंबईचा पैसा येतो, कौलं उतरवतात आणि त्याच जुन्या मातीत रचलेल्या चिऱ्यांवर स्लॅब टाकतात. माकडांचा त्रास जातो, दर वर्षी कौलं चाळायचं काम वाचतं, हे मला समजतं. पण किल्लारीत जे ओझं मातीचं होतं, ते आपण सिमेंटचं करून डोक्यावर घेतो आहोत. स्लॅब हवाच असेल तर नवे कॉलम उभे करून त्यांच्यावर टाका.

चिऱ्याचं घर

स्लॅबचं पटलं. आमच्या वाडीत अशी घरं झाली आहेत. पण पट्ट्याचं गवंड्याला कोण शिकवणार? गावात इंजिनिअर येतच नाही.

डोंबिवलीचा चाकरमानी

सगळे चिपळूण-महाडात अडकलात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून साधारण २५ लाख माणसं होती, आणि एकट्या मुंबईत १ कोटी २४ लाख. ठाणे, कल्याण, वसई, पनवेल वेगळेच. कोकणातली बहुतेक माणसं आज राहतात ती इथे. २०१६ च्या भारतीय मानकातल्या भूकंपाच्या नकाशात मुंबई-ठाणे तिसऱ्या विभागात होतं, कोयनेचा पट्टा चौथ्यात. म्हणजे धक्का तुमच्याकडे जास्त, माणसं आमच्याकडे जास्त. खाडीवर भराव टाकून केलेली जमीनही आमच्याकडेच.

तरीही सक्तीच्या तपासणीला माझा विरोध आहे, आणि कारण इमारतीचं नाही, माणसांचं आहे. आमच्या शेजारच्या इमारतीला 'अतिधोकादायक' नोटीस लागली. काही दिवसांत पाणी तोडलं, वीज तोडली, भाडेकरू बाहेर. पुनर्विकास होईल म्हणून सांगितलं, तिथे अजून गवत आहे. दोन कुटुंबं गावी परत गेली, मुलांच्या शाळा सुटल्या. आधी राहायची पर्यायी जागा द्या, मग तपासणी करा. नाहीतर तुमच्या अहवालाचा फायदा बिल्डरला आणि शिक्षा गरिबाला.

वाशिष्ठीकाठ

चाकरमानी, तुमचा मुद्दा या धाग्यावरचा सर्वांत जड मुद्दा आहे. पण पार्किंगवाल्या सगळ्याच इमारती पाडाव्या लागत नाहीत. तळमजल्यावर ठरावीक ठिकाणी काँक्रीटच्या भिंती घालता येतात, कॉलमना बाहेरून जाड वेष्टन करता येतं. लोक वर राहत असताना हे काम होतं, दोन-चार गाड्यांची जागा जाते. अहवालात 'पाडा' याआधी 'मजबूत करा' असा रकाना हवा आणि त्याचा खर्च लिहिलेला हवा.

कोयना धरणाला १९६७ ला भेगा पडल्या होत्या. म्हणून धरण पाडलं नाही. भेगा बुजवल्या आणि मागून आधार देऊन ते भक्कम केलं. मोजमाप झालं म्हणून दुरुस्ती झाली.

डोंबिवलीचा चाकरमानी

धरणाला मालक एकच, सरकार. आमच्या इमारतीत चाळीस मालक आणि बारा भाडेकरू आहेत. वर्गणी काढायची म्हटलं की सभा मोडते. शिळफाट्याला २०१३ मध्ये ७४ माणसं मेली ती कोसळलेल्या बेकायदा इमारतीत, तिथे नकाशाच नव्हता तर तपासणार काय? कागदावर तुमचं बरोबर आहे.

बंदरवाडी

समुद्राचा कोणी उल्लेखही केला नाही. १९४५ च्या नोव्हेंबरात मकरानच्या किनाऱ्यावर ८.१ चा भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईपर्यंत लाटा आल्या, माणसंही गेली. आता हैदराबादच्या केंद्रातून सुनामीचा इशारा मिळतो, हाताशी काही तास असतात. पण पहाटे होडीत असलेल्या माणसापर्यंत तो इशारा नेणार कोण? आमच्या जेटीवरचा भोंगा बंद आहे.

तलासरीहून

मी पालघरचा. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत धक्के सुरू झाले, महिनोन् महिने चालले. मोठा एकही नाही, चारच्या थोडा वर गेलेला सर्वांत जोराचा. तरी लोक थंडीत तंबूत झोपले, शाळेची मुलं मैदानात बसली. आमच्याकडे कुडाच्या घरांना काही झालं नाही, विटांच्या नव्या घरांना भेगा गेल्या. तेव्हा शास्त्रज्ञ आले, यंत्रं बसवली. गावातल्या बायकांचा प्रश्न एकच होता: आज रात्री आत झोपू की बाहेर? त्याला कोणाकडे उत्तर नव्हतं. तुम्ही लोक शंभर वर्षांचा हिशेब मांडताय, आम्हाला रोज रात्रीचा लागत होता.

सळई आणि सिमेंट

ते उत्तर आजही कोणी देऊ शकत नाही. कोयनेजवळ गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधन करून भूकंप अभ्यासतायत, पण तारीख-वेळ सांगणारं शास्त्र अजून नाही. म्हणून तर घराकडे बघायचं.

घाटातला पाऊस

सगळं वाचलं. खासगी इमारतींवर सरकारी यंत्रणा खर्ची घालायला माझा विरोध कायम आहे, नगरपरिषदेत अभियंतेच किती असतात ते बघा. रुग्णालयांचं मात्र मान्य. २०२१ च्या पुरात चिपळूणात वीज गेल्यावर रुग्णालयातले रुग्ण दगावले, ते विसरता येत नाही. पण तिथेही नुसते कॉलम तपासून भागणार नाही. जनरेटर तळमजल्यावर असेल तर पुरात बुडणार, वरच्या मजल्यावर नेला तर धक्क्यात तेच ओझं डोक्यावर. मग ठेवायचा कुठे, हे आधी सांगा.

वाशिष्ठीकाठ

इमारतीबाहेर, पूररेषेच्या वर उंच केलेल्या स्वतंत्र काँक्रीटच्या चौथऱ्यावर, बोल्टने आवळून. डिझेलची टाकी वेगळी, जोडणी लवचिक पाइपची. ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीने भिंतीला बांधायचे, गच्चीवरची पाण्याची टाकीही तशीच. रुग्णालयांपुरतं आपलं एकमत असेल तर उपजिल्हा रुग्णालयांसाठी अर्ज मी लिहितो, दरडींच्या बाजूने रुग्णवाहिकेचे रस्ते कोणते उरतात ते तुम्ही लिहा. फ्लॅटवरून आपण नंतर भांडू.