बुधवारची सुट्टी: भुसावळहून कुठे जावं, जिथे पोरांचे पप्पा शिकवायला बसणार नाहीत?

भुसावळची_सूनबाई
आमची दोन पोरं, मोठा 11 वर्षांचा, धाकटी 8 ची. दोघंही घरीच शिकतात. हे रेल्वेत आहेत, रेस्ट बुधवारी येतो, म्हणून आमच्या घरचा रविवार बुधवारी. सासूबाई म्हणतात, "शाळाच नाही तर सुट्टी कसली गं?" शाळेतल्या मॅडम पाच वाजता घरी जातात, मी कुठे जाऊ?

पण खरी अडचण ही नाही. फिरायला निघालो की ह्यांच्या अंगात मास्तर येतो. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर पोरं मजेत पाण्यात पाय सोडून बसली होती. ह्यांनी सुरू केलं: तापी मुलताईला उगवते, मग सांगा, गोदावरी, कृष्णा पूर्वेला आणि ही पश्चिमेला का? धाकटी म्हणाली, "पप्पा, हे वहीत लिहायचं का?" हतनूर धरणावर पक्षी बघायला गेलो तेव्हाही तेच. बघणं कमी, याद्या जास्त. माणूस फार चांगला आहे हो, पण एक दिवस तरी गप्प बसावा.

सकाळी निघून अंधाराच्या आत परत यायचंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, चढण नको. आणि बुधवारी भावकीतली पोरं शाळेत असतात, त्यामुळे आमच्या दोघांना खेळायला कुणी नाही, तेही धरून सांगा.

गिरणाकाठचा
ताई, पाटणादेवीला या. भुसावळहून चाळीसगावपर्यंत थेट गाडी आहे, पुढे 18-20 किलोमीटर. जंगल आहे, हवा आहे, माकडं तर भरपूर. धवलतीर्थ धबधब्याचं पाणी आता आटलं असेल, ते पावसाळ्यातच बघावं. फक्त एक सांगून ठेवतो, हा परिसर भास्कराचार्यांचा मानतात. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा 1207 चा शिलालेख पाटणचाच. साहेबांना हे कळलं की लीलावतीतली गणितं सुरू! बाकी, पोरेसले लिसनी या एकदाव.

भुसावळची_सूनबाई
दादा, शिलालेखाचं तुम्ही इथे लिहिलंत आणि ह्यांनी वाचलंसुद्धा. पाटणादेवी बाद.

निवृत्त_गुरुजी_अमळनेर
थोडं कडू बोलतो, राग मानू नये. मुलांना घरी ठेवून वर सुट्टीच्या जागा विचारता, पण दहावीचं काय? शाळेत मित्र मिळतात, ते बुधवारी कुठून आणणार?

भुसावळची_सूनबाई
गुरुजी, राग नाही. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून पाचवीची परीक्षा 10 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, आठवीची 13 ला. दहावीला बाहेरून बसायला 17 नंबरचा फॉर्म आहेच. मित्रांचं मात्र तुम्ही बरोबर बोललात. म्हणून तर विचारतेय.

रावेरकर_केळीवाले
पालला जा. तिथे सातपुड्यात थंडी मस्त पडलीये. गाडी थेट वरपर्यंत जाते, आजींना त्रास नाही.

यावलची_काकू
अगं, थंडीचे दिवस आणि तू जागा शोधत बसलीस? आमच्या शेतावर या, भरीत करू. बामणोदकडची वांगी आहेत, मोठी, हिरवी-पांढरी, आत बी कमी. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, बांधावर रचलेल्याच आहेत. चंपाषष्ठी झाली, आता वांगं खायला घरात कुणाची हरकत नाही.

आणि तुझ्या नवऱ्याला मी काम देते. पऱ्हाट्यांचा जाळ भसकन् पेटतो आणि तेवढ्याच लवकर बसतो, त्यामुळे जाळावरून हलता येत नाही. वांगं चहूकडून काळं होईस्तोवर फिरवत राहायचं. धुराने डोळ्यातून पाणी येतं, तोंड उघडलं की ठसका. शिकवेल कसा? तेवढ्यात भाजून झालंच, तर सालं काढून बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, घालायचं आणि ठेचायचं. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे मी बघते. मिक्सरात फिरवलेलं भरीत आमच्याकडे कुणी ताटात घेत नाही, ते आधीच सांगते. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या तुझ्या सासूबाईंना येत असतील तर त्यांना चुलीजवळ बाज टाकून देऊ, बसल्या बसल्या लाटतील. नसतील येत तर नुसतं बसू दे.

सोबतीचं म्हणशील, तर आमच्या मजुरांची पोरं सकाळची शाळा करून दुपारी शेतावरच असतात. विटीदांडू, बोरं, पाटाचं पाणी. संध्याकाळी चिखलानेच परत नेशील.

भुसावळची_सूनबाई
काकू, ठरलं, येत्या बुधवारी. सासूबाई लगेच म्हणाल्या, "कळणं मीच दळून आणते, बाजारच्या पिठाला चव नसते." गुडघे विसरल्या बाई! हे मात्र आत्ताच विचारत होते, पाच माणसांना किती किलो वांगी, हे पोरांना काढायला लावू का. वांगी किती आणू, तुम्हीच सांगा, म्हणजे प्रश्नच मिटला.

यावलची_काकू
एकही आणू नको, शेतातली तोडू. घाणीचं शेंगदाणा तेल तेवढं आण, आमचं संपत आलंय. आणि पोरांना जुने कपडे घाल.