एज ऑफ एम्पायर्स २: कॉम्प्युटरला हरवतो, ऑनलाइन मात्र अकराव्या मिनिटाला खलास

जुळे_तिरंदाज
या युद्धाच्या गेमची डेफिनिटिव्ह एडिशन ही आवृत्ती खेळतो. हार्ड एआय, म्हणजे कॉम्प्युटरचा खेळाडू, आरामात हरतो. रँक्डला (रेटिंगवर मोजले जाणारे ऑनलाइन सामने) अरेबिया नकाशावर मात्र अकराव्या मिनिटाला स्काउट, म्हणजे हलके घोडेस्वार, येऊन लाकूडतोडे मारतात, तोवर माझं फ्यूडल, म्हणजे दुसरं युगही होत नाही. रेटिंग १००० वरून घसरतच चाललंय. त्यात दुपारी टीम गेम रेंगाळतो आणि बाकीचे मला शिव्या घालतात. लॅपटॉप, वायफाय, नेट ५० एमबीपीएस. मग लॅग कशाचा?

सातरस्ता_सरदार
आधी हिशेब बघ की. बहुतेक संस्कृतींना सुरुवातीला ३ व्हिलेजर (कामकरी). १९ वर फ्यूडल दाबायचं तर आणखी १६ हवेत, एकाला २५ सेकंद, म्हणजे ४००. लूमचे (व्हिलेजर कणखर करणारं संशोधन) २५. मग ५०० अन्न देऊन १३० सेकंद. कुठंही खंड पडला नाही तर सव्वानऊला फ्यूडल. त्यावर तबेला आणि पहिले दोन स्काउट धर, अकराला ते तुझ्या लाकडावर. समोरचा जादू करत नाही, त्याचं टाऊन सेंटर (व्हिलेजर काढणारी मुख्य इमारत) रिकामं बसत नाही एवढंच. तुझं मिळून दोन मिनिटं रिकामं राहिलं की जवळपास पाच व्हिलेजर कमी. हार्ड एआय ही ढिलाई खपवून घेतो, माणूस घेत नाही.

एच दाबून टाऊन सेंटर, मग क्यू दाबून व्हिलेजर, हे बोटांना न बघता जमलं पाहिजे. पहिले ६ मेंढ्यांवर, पुढचे ४ लाकडाला. मेंढी टाऊन सेंटरखाली एका वेळी एकच मारायची. मेलेल्या मेंढीचं अन्न आपोआप कमी होत जातं. रानडुकरात ३४० अन्न असतं. दोनदा मारून पळत आणायचं, आणि दुसऱ्या डुकराला ताजा व्हिलेजर पाठवायचा. जखमी पाठवला की मेलाच म्हणून समज.

गेममधल्या आर्ट ऑफ वॉर या सराव विभागातलं सुरुवातीच्या इकॉनॉमीचं आव्हान सोन्याचं पदक मिळेपर्यंत खेळ, मग एक्स्ट्रीम एआय. या आवृत्तीत तो फुकटचा माल घेत नाही, त्यामुळे सराव खरा होतो. फ्यूडल झाल्या झाल्या दोन भालेवाले लाकडाजवळ उभे कर, एकाला ३५ अन्न आणि २५ लाकूड. स्काउट बघूनच वळतात.

विजापूर_रोड
लॅगचं सांगतो. या खेळात नेटवरून फक्त हुकूम जातात. फौज कुठं चालली, कुणाला किती मार बसला, हे प्रत्येकाचा कॉम्प्युटर स्वतः काढतो आणि सगळ्यांना एकाच पावलावर राहावं लागतं. म्हणून सगळ्यांत हळू मशीन सगळ्यांचा खेळ हळू करतं, आणि म्हणून शिव्या. ५० एमबीपीएसचा इथं काही उपयोग नाही.

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी ४२-४३ डिग्री असतं. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. गेममधली बेंचमार्क चाचणी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा लावून बघा. रँक्ड खेळायला या चाचणीत १००० गुण लागतात (रेटिंगचे नव्हेत). दुपारचा आकडा बराच खाली आला तर दोष उष्णतेचा: पंख्याची धूळ काढा, मागची बाजू उचलून ठेवा, चार्जर लावूनच खेळा. एन्हान्स्ड ग्राफिक्स पॅक टाकला असेल तर काढा, तो ऐच्छिक आहे. आकडा तेवढाच राहिला तर मात्र वायफाय सोडून केबल लावा.

शेंगाचटणी_११
रेटिंग घसरणारच, घसरू दे. पहिल्या १० सामन्यांत तर क्रमांकही दिसत नाही. हरलास की रेकॉर्डिंग लाव आणि समोरच्याच्या नजरेनं पहिली दहा मिनिटं बघ. हे लगेच कर, पॅच आल्यावर जुनी रेकॉर्डिंग बहुधा उघडत नाहीत.

टीम गेममध्ये इंग्रजी टाइप करत बसू नको. चॅटमध्ये नुसता आकडा टाक: ३ म्हणजे अन्न दे, ४ लाकूड, ५ सोनं, ६ दगड. ११ म्हणजे हसणं. जिंकताना ११ दाबलं तर समोरच्याला ते चिडवणंच वाटतं (माझ्या नावावर जाऊ नको). आणि नकाशावर आपल्या टीमच्या टोकाला असशील तर तिरंदाज काढ, घोडे मधला काढेल.

जुळे_तिरंदाज
बेंचमार्क सकाळी ११४०, आत्ता ८९०. उष्णताच. आता एकच: लाइट गेली की राउटर बंद होऊन गेम जातो. त्याला कुठला यूपीएस?

विजापूर_रोड
मिनी यूपीएस. राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा, बहुतेक १२ असतात, काहींचे ९. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागेल, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद.